सतरा अंशांची धार

अच्युत खांबेट्यांना एखाद्या वस्तूवर ठिपका मारल्याशिवाय ती वस्तू घरात आली असं वाटतच नसे. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरमधली पक्कड, पाना, कुलूप, छत्रीची मूठ, डब्याचं झाकण, इतकंच काय, सुलभाबाईंच्या तव्याच्या दांड्यावरही सेंटर पंच या अणकुचीदार हत्याराने मारलेला मोहरीएवढा ठिपका होता. "लग्नात यांच्या खिशात पंच नव्हता म्हणून मी वाचले," असं सुलभाबाई हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला सांगत, आणि प्रत्येक वर्षी सगळ्या नव्याने हसत.

सवय कारखान्यातली. बत्तीस वर्षं खांबेटे टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होते. म्हणजे घासायचं दुसऱ्याने आणि मापायचं यांनी. माप बसलं की ठिपका, नाही बसलं की माल परत. बत्तीस वर्षांत हजारो हत्यारं त्यांच्या टेबलावरून गेली; त्यांतलं एकही त्यांनी स्वतः केलेलं नव्हतं. हे त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात त्याची नोंद होती.

घासणारा होता काशिनाथ डहाके. नागपूरकडचा, उंच, आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. ड्रिलचं टोक चाकावर धरायचा तो नुसत्या अंदाजाने, वर गप्पाही चालू. खांबेटे ते भिंगाखाली धरत, कोन मापत, पुन्हा मापत. चूक सापडली तर दिवस चांगला जाईल अशा आशेने मापत. मग मुकाट्याने ठिपका मारत. "काय बे अच्युत, नापास करायला एकदा तरी संधी देऊ का तुला?" काशिनाथ विचारायचा. अशी त्यांची मैत्री. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले, दोघांनीही भाडं भरून आपापली क्वार्टरं ठेवली, आणि दोन दारांच्या मध्ये तीन घरं आणि एक कडुनिंब एवढंच अंतर राहिलं.

निवृत्तीनंतर काशिनाथचा रविवार ठरलेला होता. सकाळी आठला व्हरांड्यात ओलं पोतं, त्यावर कुरुंदाचा दगड, शेजारी पाण्याचा तांब्या. गल्लीतल्या बायका शनिवारी सुऱ्या आणून ठेवत, रविवारी संध्याकाळी प्रमिलावहिनी त्या घरोघर पोचवत. पैशाचं नाव काढायचं नाही. पण सुरीबरोबर वाटीतून काहीतरी यायचंच. दुबे भाभींकडून बेसनाचे लाडू, उषाताईंकडून भरली मिरची. शशिकलाबाई दर वेळी लोणचं पाठवत, कारण ते त्यांच्या घरी कोणी खात नसे. डहाक्यांकडेही खात नसत, पण काशिनाथ पुढच्या रविवारी "शशिकलाताई, लोणचं म्हणजे लोणचं!" असं म्हणे, आणि बरणी वाढत जाई.

मग एका जानेवारीत काशिनाथला झटका आला. लहानसाच. तोंड आठवड्यात सरळ झालं, पाय महिन्यात. उजव्या मनगटात मात्र एक कंप राहून गेला, दूर कुठेतरी मोटर चालू असावी आणि इथे टेबल हलावं तसा. होळीला तो पुन्हा दगडाशी बसला. सुऱ्या परत गेल्या त्या आल्या होत्या त्याहून बोथट.

तोंडावर कोणी बोललं नाही. आपल्याकडे अशा गोष्टी तोंडावर बोलत नाहीत. आपण फक्त येणं थांबवतो. उषाताईंच्या मुलीने नवीन सुरी पाठवली. दुबे भाभींच्या सुरीची मूठ अचानक सैल झाली. शशिकलाबाईंना तर सायकलवर सहाण लावून फिरणारा माणूस रस्त्यात 'सहज' भेटला. मे महिन्यात तीन रविवार काशिनाथ ओल्या पोत्याशेजारी बसला आणि पोतं वाळलं की उठला.

चौथ्या रविवारी दुपारी प्रमिलावहिनी खांबेट्यांकडे आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊजी, आज त्यांनी घरातलीच सुरी चार वेळा लावली. आणि मला म्हणतात, बघ कशी झालीये. टोमॅटो चिरताना पाणी झालं हो त्याचं. मी म्हटलं, छान झालीये."

"वहिनी, बसा तरी."

"बसायला नाही आले. तुमच्याकडे ते काय यंत्र आलंय ना, मुलाने पाठवलेलं? सुलभा सांगत होती."

यंत्र आलं होतं खरं. हैदराबादच्या मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला पाठवलं होतं आणि खांबेट्यांनी त्यावर ठिपका मारून ते कपाटात ठेवलं होतं. लोखंडी बैठक, तिच्यावर दोन जबड्यांचा शिकंजा, मागे एक उभा खांब. त्या खांबातून एक लांब दांडी यायची आणि दांडीवर दगड बसवलेला. सुरी शिकंज्यात पकडायची, खांबावर कोन लावायचा, आणि दांडी पुढे-मागे करायची. कोन दांडी धरते. माणसाने फक्त सुरी नीट बसवायची.

पण 'फक्त' म्हणण्याइतकं ते सोपं नव्हतं. सुरी अर्धं बोट पुढे सरकली की कोन बदलतो. पात्याच्या मध्याऐवजी मुठीकडे पकडली की टोकाकडची धार चपटी होते. खांबेट्यांनी पहिल्या दिवशी प्रमिलावहिनींची एक सुरी बसवायला पाऊण तास घेतला. धारेवर काळ्या मार्करची शाई लावायची, दगडाचा एकच हलका हात फिरवायचा, आणि भिंगातून पाहायचं. शाई अगदी कडेवरून गेली तर कोन बरोबर. कडेवर राहून वरून गेली तर सुरी चुकीची बसलीये. सोडा आणि पुन्हा पकडा. टोकाकडची शाई काही केल्या जाईना. शेवटी त्यांनी तिथे तडजोड केली. सतरा अंश. दोन्ही बाजूंनी वीस-वीस हात, मग बारीक दगड. झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि सुरी त्यावर नुसती टेकवली. कागद आवाज न करता दोन झाला.

खांबेटे बराच वेळ ते दोन तुकडे पाहत राहिले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांच्या हातून पहिल्यांदा काहीतरी झालं होतं.

मग बेत ठरला. सुलभाबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं: सुऱ्या पूर्वीसारख्याच डहाक्यांकडे द्यायच्या, दुपारी हे गुपचूप नव्याने लावून देतील, काळजी नको. विळ्या तेवढ्या द्यायच्या नाहीत. विळी शिकंज्यात बसत नाही. काशिनाथने विचारलंच तर म्हणायचं, गुडघ्यांमुळे आता कोण विळीवर बसतं. काशिनाथ सकाळी सुऱ्या घासायचा. दुपारी जेवून तो आडवा झाला की प्रमिलावहिनी पिशवी घेऊन कडुनिंबाखालून यायच्या. पाचपर्यंत खांबेटे त्या सगळ्या नव्याने लावायचे. सहाला सुऱ्या आपापल्या स्वयंपाकघरात.

एका महिन्यात सगळं पूर्वीसारखं झालं. लाडू आले, मिरच्या आल्या. लोणचंही आलं.

"काय काका, हात आहे का कात्री!" शशिकलाबाई व्हरांड्यासमोरून ओरडायच्या. "काल कांदा चिरला, कांद्याला कळलंसुद्धा नाही."

"तुम्हाला रडू आलं की नाही?"

"नाही ना!"

"मग बरोबर लागली," काशिनाथ म्हणायचा आणि खुर्चीत बसलेल्या खांबेट्यांकडे बघायचा. "ऐकलंस बे? मनगट सुटलं आता. आपोआप सुटलं."

खांबेटे म्हणायचे, "हो ना."

असं एकदा नाही, रविवारमागून रविवार. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी खांबेट्यांनी सुलभाबाईंनाही सांगितली नव्हती. शशिकलाबाई असं काही बोलल्या की त्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. स्तुती काशिनाथची चालली होती, पण माल त्यांचा होता. रविवारची दुपार त्यांना आता शुक्रवारपासूनच दिसू लागायची. त्यांनी एक वही केली: दुबे, लांब सुरी, सतरा अंश, शिकंजा मुठीपासून साडेतीन इंच. उषा, छोटी, अठरा. भिंगाखाली काशिनाथने सकाळी केलेली धार आधी तपासायची, तिचेही कोन लिहायचे, आणि मग ती घासून टाकायची. ते लिहायचं काही कारण नव्हतं. सवय.

पावसाळ्यात काशिनाथने साकेत नगरच्या दवाखान्यात मनगटाच्या व्यायामासाठी जाणं बंद केलं. आठवड्यातून दोनदा तिथे एक मुलगी त्याच्याकडून रबराचा चेंडू दाबून घ्यायची, मनगट फिरवून घ्यायची. "आता कशाला?" तो म्हणाला. "हात आला परत. तिला म्हटलं, बाई, तुझ्या घरच्या सुऱ्या पाठव, फीमध्ये वळती करून टाक."

प्रमिलावहिनींनी त्या दिवशी पिशवी देताना खांबेट्यांकडे पाहिलं. खांबेट्यांनी पिशवीत पाहिलं.

"भाऊजी, सांगायला हवं का?"

"बघू. गणपती होऊन जाऊ दे."

हे पहिल्या वर्षीच्या गणपतीआधीचं बोलणं. ते गणपती गेले, दुसऱ्या वर्षीचे आले.

मराठी मंडळाचा महाप्रसाद म्हणजे चारशे पान. अनंत चतुर्दशीच्या आदल्या सकाळी हॉलमागच्या मांडवात ताडपत्री पसरून बायका भाजी चिरायला बसत, आणि सुऱ्या प्रत्येकीने घरून आणायच्या. त्यामुळे आधीच्या आठवड्यात काशिनाथच्या व्हरांड्यात एकदम बत्तीस सुऱ्या जमल्या. त्याने तीन सकाळी बसून त्या उरकल्या, घामाघूम होऊन, खूश होऊन. आणि तीन दुपारी त्या खांबेट्यांकडे आल्या.

शिकंजा कुठे पकडायचा याची खूण खांबेटे एरवी मार्करने करत. ती दोन धुण्यांत जाई, आणि पुढच्या वेळी वही काढून पुन्हा इंच मोजायला लागत. बत्तीस सुऱ्या, पुढे नवरात्र, मग दिवाळी. त्यांनी विचार केला, एकदाच कायमचं काम करून टाकू. सुरीच्या पाठीवर, शिकंज्याचा जबडा बसतो नेमक्या त्या जागी, पंचचा एक बारीक ठिपका. पुढच्या वेळी ठिपक्यावर जबडा ठेवला की झालं.

घाई होती, हे खरं. पण घाई नसती तरी तो ठिपका पडला असता. सव्वा वर्ष लोक त्यांच्या धारेने कांदे चिरत होते आणि नाव दुसऱ्याचं घेत होते. हात कुठेतरी सही करायला जागा शोधत होता.

महाप्रसादाच्या सकाळी मांडवात चाळीस किलो लाल भोपळा, तेवढेच बटाटे आणि कोथिंबिरीचा डोंगर होता. काशिनाथला मानाची खुर्ची होती आणि पुढ्यात कापडावर बत्तीस सुऱ्या. सुरी हातातून हातात दिली तर भांडण होतं, म्हणून तो एकेक उचलायचा, नाव घ्यायचा आणि जिची तिच्यासमोर ताडपत्रीवर ठेवायचा. खांबेटे बटाट्यांच्या पोत्याशी उभे होते.

"दुबे भाभी! ये लीजिए, तलवार."

"भाईसाहब, इस बार तो हाथ लगाते डर लग रहा है!"

काशिनाथने सवयीने अंगठा धारेवर टेकवला. तेवढाच तो टेकवायचा नेहमी, घासून झाल्यावर, दगडाशी. अंगठ्यावर बारीक लाल रेघ उमटली.

"अरे!" तो म्हणाला, आणि हसला. खरोखर आनंदाने हसला. "बघा रे! माझीच धार मलाच चावली. अच्युत, बघितलंस? ये ना, माप!"

बायका टाळ्या वाजवून हसल्या. उषाताईंनी चिंधी बांधली. चिंधी बांधलेला अंगठा वर धरून, विजयी माणसासारखा, त्याने दुसरी सुरी डाव्या हाताने उचलली. डाव्या हाताची पकड वेगळी असते. बोट पाठीवर आलं.

खांबेट्यांनी ते बोट थांबलेलं पाहिलं.

ते थोडं मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा तिथेच थांबलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने आपल्या कामावर तो ठिपका मारून घेतला होता, त्याला तो डोळे बांधूनही कळला असता. काशिनाथने सुरी कापडावर ठेवली. तिसरी उचलली. चौथी. पाचवी उचलली नाही, नुसतं बोट फिरवलं. मग एकदम पलीकडे हात घातला आणि लाकडी मुठीची ती जुनी सुरी घेतली, जिला त्याच्या घरात वीस वर्षं झाली होती. प्रमिलावहिनींची. तिच्या पाठीवरून त्याने बोट फिरवलं, सावकाश, जणू ठिपका नसण्याची तिला शेवटची संधी देत.

वहिनी भोपळ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काका, माझी कुठाय?" शशिकलाबाई म्हणाल्या. "की लोणच्याच्या बदल्यात ठेवून घेतली?"

"ही घ्या," काशिनाथ म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "चला, चिरा. चारशे माणसं जेवायची आहेत." आणि उरलेल्या सगळ्या सुऱ्या त्याने एकेक करून, नाव घेऊन, जागच्या जागी पोचवल्या. एकही नाव चुकलं नाही.

परतताना दोघंच होते. प्रमिलावहिनी मांडवात थांबल्या होत्या. थांबायचं कारण नव्हतं, पण थांबल्या होत्या. शाळेचं मैदान आलं.

"किती दिवस?" काशिनाथने विचारलं.

"सव्वा वर्ष."

"सगळ्याच?"

"विळ्या सोडून."

"कितीवर लावतोस?"

"सतरा."

"माझी वीसची असायची."

इथे खांबेट्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण कोणी माप चुकीचं सांगितलं की त्यांच्या तोंडातून आपोआप दुरुस्ती निघे.

"आधी वीस. आता सोळापासून सव्वीसपर्यंत. एकाच पात्यावर."

काशिनाथ थांबला. "मोजलंस?"

"हो."

"दर रविवारी?"

खांबेट्यांनी मान हलवली. वहीचं त्यांनी सांगितलं नाही, पण काशिनाथला सांगायची गरज नव्हती. तो पुन्हा चालू लागला. चालता चालता म्हणाला, "कसं असतं रे ते यंत्र?"

खांबेट्यांना बरं वाटलं. निदान यंत्राबद्दल बोलता येणार होतं. त्यांनी शिकंजा सांगितला, खांब सांगितला, दांडी सांगितली. "कोन दांडीच धरते. मनगटाचा संबंधच नाही. आपण नुसतं पुढे-मागे..."

आणि स्वतःचं वाक्य त्यांना ऐकू आलं.

काशिनाथनेही ऐकलं होतं. "मनगट लागत नाही?"

"नाही."

"मग ते मला का नाही दिलंस?"

"तुला अपमान वाटला असता, काशिनाथ. तू दगडावरचा माणूस."

"वाटला असता. एक रविवार वाटला असता. दोन, फार तर." तो कडुनिंबापाशी उभा राहिला. "सव्वा वर्ष माझ्या अपमानाची काळजी करत होतास होय?"

खांबेट्यांनी उत्तर जुळवायला तोंड उघडलं. काशिनाथ थांबून पाहत राहिला, टेबलावर ठेवलेल्या मालाचा निकाल ऐकायला उभा राहायचा तसा. मग तो म्हणाला, "मी त्या पोरीकडे जायचं बंद केलं. हात आलाय म्हणून." आणि घरात गेला.

विसर्जन झालं. रविवारी व्हरांड्यात पोतं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हतं. मंगळवारी सकाळी खांबेट्यांनी यंत्र खोक्यात भरलं, चार दगड, तेलाची बाटली, मार्कर, सगळं, आणि उचलून डहाक्यांकडे गेले.

"ये," काशिनाथ म्हणाला. राग दिसत नव्हता. खांबेट्यांना राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. "बस. दाखव बघू."

खांबेट्यांनी जेवणाच्या टेबलावर बैठक मांडली. वहिनींनी लाकडी मुठीची सुरी आणून टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. खांबेटे ती शिकंज्यात बसवू लागले, पण काशिनाथने हात पुढे केला.

"मला बसवू दे."

त्याचा उजवा हात थरथरत होता. सुरी जबड्यांवर वाजत होती. त्याने ती डाव्या हाताने धरली, ठिपक्यावर जबडा आणला, आणि मान वाकडी करून पात्याच्या रेषेत पाहिलं.

"इथे पकडत होतास?"

"हो."

"टोक उचललं जातंय की." त्याने सुरी ठिपक्यापासून बोटभर टोकाकडे सरकवली, मूठ किंचित खाली दाबली. "आता आवळ."

खांबेट्यांनी स्क्रू आवळला. धारेवर शाई लावली. दगडाचा एक हात फिरवला आणि भिंग डोळ्याला लावलं. मुठीपासून टोकापर्यंत शाई एका सरळ बारीक रेषेत गेली होती. टोकाकडचीसुद्धा. सव्वा वर्षात, बत्तीस सुऱ्यांत, एकदाही त्यांना ते जमलं नव्हतं.

"बसली?" काशिनाथने विचारलं.

"बसली."

मग काशिनाथने दांडी हातात घेतली. मनगट थरथरत होतं, पण दांडीला त्याचं काही नव्हतं. खांबाच्या छिद्रातून ती पुढे गेली, मागे आली. वीस हात. शिकंजा उलटवला. वीस हात. बारीक दगड. मध्ये एकदा त्याने डोळे मिटले, कारखान्यात चाकाचा आवाज ऐकताना मिटायचा तसे. शेवटी चिंधीने पातं पुसलं आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. कागद दोन झाला.

"लागली," तो म्हणाला.

"लागली! अरे, माझ्यापेक्षा चांगली लागली." खांबेट्यांचा आवाज चढला. "बसवायला नजर तुझीच लागते, काशिनाथ. मला टोक कधी साधलंच नाही. येत्या रविवारी बस. मी सगळ्यांना सांगतो, आता हे असं आहे, तूच लावतोस. खरंच तूच लावशील. मी नुसता स्क्रू आवळीन."

काशिनाथ स्क्रू सोडवत होता. डाव्या हाताने, सावकाश. सुरी काढून त्याने बाजूला ठेवली.

"सांगशील, आणि सगळ्या येतील," तो म्हणाला. "शशिकलाताई सगळ्यात आधी येतील. आधीच लागलेल्या सुऱ्या घेऊन येतील. मी लावीन, आणि त्या म्हणतील, काका, हात आहे का कात्री." त्याने शिकंजा मिटवला. "आधी ते ऐकून मला झोप चांगली लागायची रे. आता त्यांनी म्हटलं तर मी कुठे बघू?"

"काशिनाथ, माझं चुकलं."

"हो," काशिनाथ म्हणाला. त्याने दगड एकेक करून खोक्यात ठेवले, प्रत्येक आपल्या खाचेत. "हे घेऊन जा. तुझ्याकडे बरं आहे. वापरात राहील."

खांबेटे उठले, तर तो म्हणाला, "थांबा. चहा घेऊन जा." आणि आत हाक दिली, "प्रमिला, यांना चहा."

वहिनींनी ट्रे आणला. ट्रेवर एक कप, बशीसकट, फुलांच्या नक्षीचा, वरच्या कपाटातल्या संचातला. शेजारी दोन बिस्किटं. काशिनाथने घेतला नाही. त्याचा झाला होता म्हणे. खांबेटे एकटेच प्यायले. वहिनी दाराशी उभ्या होत्या आणि कप रिकामा होण्याची वाट पाहत होत्या.

खोकं घेऊन ते घरी आले तेव्हा सुलभाबाई मेथी निवडत होत्या.

"काय म्हणाले?"

"काही नाही. चहा दिला."

"मग झालं की! मी म्हणत होते ना, माणसं मोठ्या मनाची आहेत. चहा दिला म्हणजे मिटलं."

खांबेट्यांनी खोकं जमिनीवर ठेवलं. काशिनाथला साखरेचा आजार निघाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, त्या घरात एकाच पातेल्यात बिनसाखरेचा चहा होई, आणि तोच खांबेट्यांनाही मिळे, स्टीलच्या पेल्यात, न विचारता. साखरेचा वेगळा चहा तिथे फक्त पाहुण्यांसाठी करत.

"गोड होता," ते म्हणाले.

सुलभाबाईंचे हात मेथीत थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बाहेर फाटक वाजलं. शशिकलाबाई होत्या; हातात कागदात गुंडाळलेल्या दोन सुऱ्या आणि लोणच्याची वाटी.

"भाऊ, आता म्हटलं सरळ तुमच्याकडेच द्याव्या," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली.